अकॅरीचं बारसं

धाराशिव जिल्ह्यात नाव बदलण्याचं कुणाला नवल उरलेलं नाही. २०२३ मध्ये उस्मानाबाद सरकारी कागदावरून उतरलं. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही हरकत घेतली नाही.

या शेळीच्या कानात दडलेली गोचीड, द्राक्षाच्या पानामागं जाळं विणणारा लाल कोळी आणि माणसाला रात्रभर खाजवायला लावणारा खरजेचा जीव, ही सगळी मंडळी शास्त्राच्या लेखी एकाच घरची. घराचं नाव 'अकॅरी'. पाय आठ, म्हणून हे कीटक नव्हेत, कोळ्यांचे भाऊबंद. लिनिअसनं १७५८ मध्ये त्यांना 'अकॅरस' या एकाच नावाखाली कोंबलं. पुढं वाटण्या झाल्या. आता तर जनुकं तपासणारे म्हणतात, यांतली दोन मोठी घराणी सख्खी आहेत की नाहीत, याचीच शंका आहे. शब्द मूळचा ग्रीक. कापताही येणार नाही इतकं बारीक, असा त्याचा अर्थ लावतात. त्यातला नकाराचा 'अ' आणि आपल्या 'अखंड'मधला 'अ' एकाच कुळातले.

गावानं मात्र नावं वेगळ्या हिशेबानं ठेवली. गोचीड डोळ्यांना दिसते, म्हणून तिला नाव मिळालं. शिवाय उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यालाही तेच लावता आलं. खरजेत नाव मिळालं ते खाजेला, खाजवायला लावणारा निनावीच.

आणि तुरीचं काय सांगावं! वांझ रोगाचं झाड हिरवंगार, झुडपासारखं फोफावलेलं, पानं बारकी, फिकट ठिपक्यांची. फूल नाही की शेंग नाही. रोग विषाणूचा. तो झाडोझाडी पोचवणारा कोळी जेमतेम पाव मिलिमीटरचा, त्यालाही आठांतले चारच पाय. भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून सुटला. वांझ ठरली ती तूर. ठपका कुणावर टाकायचा, याबाबत आपल्या पाराची सवय जुनीच आहे.

कृषी सेवा केंद्रात 'अकॅरी' कुणी मागत नाही. "कोळ्याचं औषध द्या," एवढं पुरतं. बाटलीवर 'अकॅरिसाइड' असलं तर असू दे. तेवढं न सांगता नुसतं कीटकनाशक उचललं, की कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि लाल कोळ्याला रान मोकळं मिळतं.

गंधकाचं तसं नाही. भुरीसाठी बागेवर मारलं तर ते लाल कोळ्यालाही भोवतं, आणि त्याचंच मलम खरजेवर चालतं. ग्रीक न शिकता त्यानं ही भावकी बरोबर ओळखली.