सात पिनांचा भरवसा

डेन्व्हर ते मोआब साधारण ५७० किलोमीटर. प्रस्तुत लेखकाचा हिशेब साधा होता: पुढे जावयाचा पिकअप, मागे ट्रेलर, मध्ये सात पिनांची केबल. सहा तास इंजिन चालणार, म्हणजे मुक्कामाला पोचेस्तोवर ट्रेलरची बॅटरी काठोकाठ भरणार. लेखकाची हयात धरणांच्या भिंती बांधण्यात गेल्यामुळे विजेबद्दलची त्याची मतं पक्की आहेत.

मोआबजवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमधली डेलिकेट आर्च १६ मीटर उंच, तांबूस आणि देखणी आहे.

रात्री पारा शून्याखाली उतरला आणि हीटर मुका झाला. टाकीत प्रोपेन होता. पण गरम हवा ढकलणारा पंखा १२ व्होल्टवर चालतो, आणि बॅटरी उतरली होती.

"अहो, गॅस आहे ना?"

"गॅस आहे. पंखा बंद पडलाय."

"नोव्हेंबरात पंखा कशाला लागतो?"

जावयाने इंजिन सुरू करून मीटर लावला. पिकअपच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, ट्रेलरच्या बॅटरीवर जेमतेम १३. चौथ्या मजल्यावरच्या नळाची जी गत, तीच हिची. दहा गेजची तांब्याची तार, जाऊन-येऊन ६० फूट. तिचा रोध सुमारे ०.०६ ओहम. २० अँपिअर वाहिले की १.२ व्होल्ट वाटेतच खलास. लेड-ॲसिड बॅटरी पुरती भरायला १४.४ च्या आसपास लागतात. शिवाय जे पोचत होतं ते रस्ताभर फ्रिज गिळत होता, कारण आत जावयासाठी नेलेलं श्रीखंड होतं.

लेखक धरणाच्या आवाजात सूचना देत राहिला. बायको टॉर्च धरून उभी. थंडीने तिचा हात कापत होता, पण उजेड तिने जागचा हलू दिला नाही. तो हात धरावा असं लेखकाला एकदम वाटलं. पण समोर जावई होता.

दुसऱ्या दिवशी सहा गेजची जोडी टाकली (अमेरिकन गेजमध्ये आकडा घटला की तार जाड होते), पिकअपच्या बॅटरीलगत फ्यूज आणि ट्रेलरच्या बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जर. येणारा व्होल्टेज कमी असला तरी तो चढवून १४.४ करतो. इंजिन बंद झालं की तोही थांबेल अशी जोडणी केल्यामुळे पिकअपची बॅटरी उतरत नाही.

श्रीखंड थंडगार निघालं. एवढ्या गारठ्यात ते पायरीवर ठेवलं असतं तरी टिकलं असतं, असं बायकोने जावयाला दुसऱ्यांदा वाढताना सांगितलं.