थेंब पडला की पावती फाटली

आफ्रिकेत पहिल्यांदाच शिकारीला निघालेल्या अमेरिकन माणसाला सिंहाची भीती वाटत नाही. त्याला धास्ती असते ती दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांच्या 520 क्रमांकाच्या फॉर्मची. फॉर्म काळ्या शाईनेच भरायचा. सही मात्र घरी ठोकायची नाही, तिथल्या पोलिसासमोरच करायची. रायफल कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, तीही पाच किलोच्या आत. निळं पेन घेऊन गेलेल्या वीराचं शौर्य जोहान्सबर्गच्या विमानतळावरच धारातीर्थी पडतं.

त्याआधीची झुंज दरपत्रकाशी. हे दरपत्रक थेट आपल्या मंगल कार्यालयाच्या वळणाचं: हॉलचं भाडं वेगळं, ताटाचा दर वेगळा, जनरेटरचं नंतर बघू. इथे मुक्कामाचं रोजचं भाडं वेगळं आणि जनावराचा दर वेगळा. इम्पाला स्वस्त, कुडू महाग, रानरेडा त्याहून महाग. सिंहाचा आकडा अनेकदा छापलेला नसतो, तो हळूच विचारायचा असतो. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक कलम असतं. गोळी नुसती चाटून गेली, गवतावर रक्ताचा एक थेंब दिसला आणि जनावर पसार झालं, तरी पूर्ण पैसे भरायचे. रक्त सांडून कीर्ती मिळवणारे आपण बखरींत वाचले होते. सांडलेल्या रक्ताचं बिल इथे मिळतं.

आता प्रत्यक्ष पराक्रम. परदेशी पाहुण्याला दक्षिण आफ्रिकेत एकट्याने शिकार करता येत नाही, परवानाधारक व्यावसायिक शिकारी सोबत लागतोच. शिवाय माग काढणारा स्थानिक माणूस. खुरांचे ठसे तो वाचतो, वारा तो बघतो, पहाटेपासून काट्याकुट्यांतून पुढे तोच चालतो. नर म्हातारा की तरणा हे व्यावसायिक शिकारी सांगतो, तिपाई रोवून देतो, तीवर रायफल टेकवायला लावतो आणि कानात ‘आता’ म्हणतो. पाहुण्याने फक्त बोट वाकवायचं. मग आजूबाजूचं गवत खुडायचं, जनावराच्या तोंडावरचं रक्त पुसायचं आणि पाहुण्याला चार हात मागे बसवून फोटो काढायचा, म्हणजे शिंगं मोठी दिसतात. माग काढणारा त्या फोटोत सहसा नसतो. त्याच्या नावाचं बक्षिसीचं पाकीट असतं.

हा साचा पाडला थिओडोर रूझवेल्टसाहेबांनी. 1906 साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. 1909 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरल्यावर ते मुलाला घेऊन पूर्व आफ्रिकेत गेले आणि बापलेकांनी मिळून 512 जनावरं पाडली. बहुतेक माल स्मिथसोनियन संग्रहालयाला गेला, म्हणजे विज्ञानासाठी. आज विज्ञानाच्या जागी ‘संवर्धन’ हा शब्द आला आहे. स्पेनचे राजे हुआन कार्लोस तर जागतिक वन्यजीव निधीच्या स्पॅनिश शाखेचे मानद अध्यक्ष होते. 2012 साली ते बोत्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले आणि मुक्कामी पडून खुबा मोडून घेतला, म्हणून देशाला कळलं. राजांनी माफी मागितली. निधीने ते मानद पदच रद्द केलं.

या धंद्यातली एक फायद्याची शाखा पिंजऱ्यातल्या सिंहाची. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह असे पैदा केले गेले. छावा असताना पर्यटक त्याला कुरवाळतात, पैसे देऊन. परदेशी स्वयंसेवक त्या ‘अनाथ’ छाव्याला बाटलीने दूध पाजतात, तेही पैसे देऊन. थोडा वाढला की त्याच्यासोबत फेरफटका, त्याचं तिकीट निराळं. आयाळ भरली की कुंपणाच्या आत शिकार. उरलेली हाडं आशियात. 2017 साली सरकारने 800 सांगाड्यांचा निर्यात कोटाच ठरवून दिला होता. असा सिंह बंदूकवाल्याला पाहून पळेलच कशाला? त्याला वाटत असेल, दूध आलं. 2021 साली सरकारने हा धंदा गुंडाळण्याचं धोरण जाहीर केलं, पण धोरणाला पिंजऱ्याचं दार उघडता येत नाही.

आपणही फार हसू नये. कोल्हापूर दरबाराने शिकार करवून घ्यायला आफ्रिकेतून चित्ते मागवले होते. देशातले अखेरचे तीन चित्ते 1947 साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारल्याची नोंद आहे आणि 2022 साली आपण नामिबियातून विमानाने चित्ते आणून कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले.

आता दुसरी बाजू, कारण ती थाप नाही. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावांच्या संस्थांना वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला. तिथे शिकारीच्या पैशाचा वाटा आणि मांस गावात पोचतं. केनियाने 1977 साली शिकार बंद केली, तरी पुढे तिथली जनावरं घटतच गेली. हत्तीने मका तुडवला तर बर्लिनचा प्राणिप्रेमी भरपाई पाठवत नाही. जर्मनीत शिकारीच्या मुंडक्यांच्या आयातीवर निर्बंधांची भाषा सुरू झाली, तेव्हा 2024 साली बोत्स्वानाच्या अध्यक्षांनी 20,000 हत्तीच जर्मनीला धाडण्याची धमकी दिली. जर्मनीने गोठा बांधायला घेतल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा हिशेब असेल तर त्याला हिशेबच म्हणा. म्हाताऱ्या कुडूचे पैसे भरले, मांस गावाने खाल्लं, व्यवहार मिटला. त्यावर मर्दुमकीचा मुलामा कशाला? जायचंच असेल, तर आगाऊ रक्कम भरण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: रान कुंपणाचं आहे का, गावाचा वाटा किती आणि सिंह कुठे जन्मला. उत्तराऐवजी माहितीपत्रक आलं, तर पैसे भरू नका.