फिक्स रेटच्या शोरूममध्ये घासाघीस: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

‘आमच्याकडे एकच भाव’ ही पाटी वाचून जो मागे फिरला, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन नाही. पाटी इतरांसाठी लावलेली आहे, आपल्यासाठी नाही, असे ज्याला मनापासून वाटले, त्यानेच पुढे वाचावे.

जुन्या गाड्यांची नव्या पद्धतीची शोरूम्स आता पुण्यात बायपासच्या कडेला आणि मॉलच्या पार्किंगमध्ये दिसतात. आत एसी, कॉफीचे यंत्र, पांढऱ्या दिव्यांखाली न्हाऊन-माखून उभ्या असलेल्या वॅगन-आर आणि आय-ट्वेंटी, आणि प्रत्येकीची किंमत छापलेली. पूर्वी हाच व्यवहार एजंटकडे व्हायचा. “डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल हँड. घर ते दवाखाना, बास.” एजंटांनी विकलेल्या डॉक्टरांच्या गाड्या एकत्र मोजल्या, तर राज्यात रुग्णांपेक्षा डॉक्टर जास्त भरतील. पण त्या माणसाशी बोलता तरी यायचे. तो साडेचार म्हणायचा, आपण तीन म्हणायचो, तो कपाळाला हात लावायचा, चहा यायचा आणि पावणेचारला दोघेही आपण लुटलो गेलो असे सांगत समाधानाने घरी जायचे. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे दाबून सौदा होतो, तिथेही समोरच्याची बोटे हाताशी असतात. शोरूममध्ये दाबायला बोटच नाही, ही नवशिक्याची पहिली अडचण.

म्हणून एकट्याने जाऊ नये. पथक न्यावे. पथकात एक जाणकार हवा. आयुष्यात एकदा स्वतःच्या हाताने स्कूटरचा प्लग साफ केला असेल, तर तेवढे जाणकारपण पुरते. बहुधा हे पद मेव्हण्याकडे जाते. दुसरा नाराज हवा. त्याने काहीही बोलायचे नसते. बॉनेट उघडले की आत बघून “हं” म्हणायचे आणि दोन पावले मागे सरकायचे. तिसऱ्या माणसाने दर दहा मिनिटांनी “अहो, चला, त्या दुसऱ्यांना पण वेळ दिलीय” असे म्हणायचे. दुसरे कोणी नसतात, हे शोरूममधल्या मुलालाही ठाऊक असते. पण रीत ती रीत.

आता जाणकाराने तपासणी सुरू करावी. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी त्याच्यापेक्षा बरीच नवी असेल, तर हा टायर इथे कुठून आला हे विचारावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर खालच्या टोकाला गाळाची रेघ राहते, कारण धुणारा माणूस तिथवर कधी पोचतच नाही. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, हेही बघावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी आले, २००५ च्या २६ जुलैला मुंबईत आले. अशा प्रत्येक पावसाळ्यानंतर काही गाड्या अंग पुसून बाजारात येतात. ही तपासणी खरीच करावी. विनोद करण्याची ही जागा नाही.

घासाघिशीसाठी मात्र तिचा उपयोग शून्य. मेव्हणा विजयी मुद्रेने सांगतो, “मागच्या डाव्या दाराला पुन्हा रंग मारलाय!” मुलगा टॅब्लेट पुढे करतो. “हो सर, रिपोर्टमध्ये आहे. बाहत्तर नंबरचा मुद्दा. फोटोपण आहे.” दोनशे मुद्द्यांचा अहवाल, त्यात प्रत्येक ओरखड्याचा फोटो, आणि त्या सगळ्यांचे पैसे म्हणे किमतीत आधीच वजा. घासाघिशीचे अर्धे शास्त्र समोरच्याने लपवलेला दोष उघड करण्यावर उभे आहे. दोष त्यानेच आधी दाखवला, तर मेव्हण्याने करायचे काय? कॉफी प्यायची.

यानंतर मुख्य संवाद. तो साधारण असा होतो.

“काका, किंमत फिक्स आहे.”

“ते कळलं रे मला. फिक्सच आहे. पण शेवटचे किती?”

“हेच शेवटचे, काका.”

“मग पहिले किती होते?”

इथे मुलगा गोंधळतो. त्याचा फायदा घेऊन लगेच “चार ऐंशी करून टाक आणि विषय संपव” असे म्हणावे. तो पुन्हा नम्रपणे नाही म्हणेल. “तुझ्या साहेबांना बोलाव” म्हणावे. साहेब येतात. ते त्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठे असतात आणि तेच वाक्य जास्त मऊ आवाजात बोलतात. “गाव कुठलं तुमचं?” हा शेवटचा बाण. गाव आपल्याच तालुक्यातले निघाले तरी किंमत हलत नाही, आणि वर पुढच्या उरुसाचे आमंत्रण द्यावे लागते ते वेगळेच.

आता माघार. तुळशीबागेत वाढलेल्या माणसाला हे अस्त्र आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते: पाठ फिरवायची, सात-आठ पावले टाकायची आणि मागून “ताई, अहो ताई, बोला, किती देणार?” येईपर्यंत चाल मंद ठेवायची. शोरूममध्ये हे अस्त्र वापरताना विशेष काळजी घ्यावी, कारण मागून हाक येत नाही. मुलगा स्वतः दार उघडून धरतो. “थँक यू सर, पुन्हा या.” आपण पायऱ्यांवर थांबून बुटाची नाडी बांधतो. हाक नाही. पार्किंगमध्ये फोनवर बोलल्यासारखे करतो. हाक नाही. हेल्मेट आत विसरल्याचे निमित्त करून परत जातो. तो अदबीने हेल्मेट आणून देतो. गेटपर्यंत पोचतो तोच मोबाइल वाजतो. आलाच, वळलाच शेवटी! उघडून बघावे तर मेसेज: आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय द्या, एक ते पाच तारे. माघारीचा हा प्रयोग एका शोरूममध्ये एकदाच करावा. दुसऱ्यांदा ते दार धरत नाहीत.

हे असे का, हे समजून घेण्यासाठी थोडे अमेरिकेत जावे लागेल. तिथले जुन्या गाड्यांचे विक्रेते आपल्या एजंटांचे थोरले भाऊ शोभतील असेच होते. त्यांच्यावरच अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये निबंध लिहिला. गाडीत काय दडलेय ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला पडत्या भावाने मागतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातूनच अंग काढून घेतो, असा त्याचा आशय. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. (कोणताही मेव्हणा हे फुकट सांगतो, पण त्याला नोबेल मिळत नाही.) पुढे जनरल मोटर्सने १९९० मध्ये सॅटर्न ही नवी गाडी घासाघिशीविना विकायला काढली, आणि १९९३ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला कारमॅक्सचे पहिले दुकान जुन्या गाड्यांसाठी हीच पद्धत घेऊन उघडले. सॅटर्न २०१० मध्ये बंद पडली. कारमॅक्स अजून जोरात आहे, आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींनी तिथेही “फायनल किती?” विचारून पाहिलेले असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

त्या पद्धतीची खरी कळ अशी, की विकणाऱ्या मुलाच्या हाती किंमत ठेवलेलीच नसते. भाव वरून येतो, संगणकातून. कुठली गाडी किती दिवसांत जाते, कुठल्या रंगाला गिऱ्हाईक नाही, याच्या हिशेबातून. आपण ज्याच्याशी तासभर झुंजलो, त्या बिचाऱ्याला पाचशे रुपये सोडण्याचाही अधिकार नाही. घासाघीस ज्याच्याशी करायची, तो माणूस दुकानात हजरच नाही.

पण संगणकाला एक दुखणे आहे: उभी गाडी. ती जितके दिवस उभी, तितके पैसे अडकलेले. म्हणून गाडी बरेच दिवस हलली नाही, की किंमत आपोआप उतरते. तुम्ही जी सूट जीव तोडून मागितलीत आणि मिळाली नाही, ती तीन आठवड्यांनी कोणीही न मागता ॲपवर दिसू शकते. तेव्हा आवडलेली गाडी ॲपमध्ये जपून ठेवावी आणि रोज सकाळी तिच्याकडे बघून “हं” म्हणावे. नाराज माणसाचे काम आता हेच. मध्येच ती दुसऱ्या कोणी नेली, तर “तिच्यात काहीतरी होतंच” असे म्हणण्याची सोय आपल्याकडे पूर्वापार आहे.

एवढा धीर नसेल, तर किंमत सोडून बाकी सगळ्यावर घासाघीस करावी. अनुभवी माणूस तेच करतो. गाडीची किंमत ठरलेली असते. कर्जाचा व्याजदर, विमा, वाढीव वॉरंटी, आरसी नावावर करण्याचा खर्च आणि ‘प्रोसेसिंग’ नावाची जी ओळ बिलाच्या तळाशी बसलेली असते, ती ठरलेलीच असते असे नाही. जुन्या गाडीच्या कर्जाला नव्यापेक्षा व्याज जास्त पडते, म्हणून आपल्या बँकेचा दर आधी काढून खिशात ठेवावा. विमा त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असा कायदा नाही. किमतीवर तासभर लढून दमलेला माणूस याच टेबलावर पाच मिनिटांत सह्या करतो. शोरूमला हे ठाऊक आहे. कॉफी बहुधा त्यासाठीच असते.

वस्तू व सेवा कराचे नाव काढून कोणी घाबरवले, तर शांत राहावे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी ठरला, तेव्हा सोसायट्यांच्या ग्रुपवर हाहाकार झाला होता. तो कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. दोन साध्या माणसांनी आपसांत गाडी विकली तर तो लागतच नाही.

काही ठिकाणी गाडी ठरावीक दिवसांत परत करण्याची सोय असते. किलोमीटरची मर्यादा घातलेली असते, ती आधी वाचावी. हे दिवस सत्कारणी लावावेत. गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे न्यावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र झाकून ठेवावी. तिथले काका लोक तिसऱ्या मिनिटाला विचारतात, “केवढ्याला पडली?” तुम्ही कितीही सांगा, त्यांच्या पुतण्याला तीच गाडी, त्याच रंगात, चाळीस हजारांनी स्वस्त मिळालेली असते.

विकणाऱ्याची गोष्ट आणखी नाजूक, कारण तिथे फिक्स भाव त्यांचा असतो आणि गाडी आपली. ॲपवर नंबर टाकला की आधी मोठा, गोड आकडा दिसतो. मग टॅब्लेट घेतलेला तपासनीस घरी येतो, रंगाची जाडी मोजणारे यंत्र प्रत्येक पत्र्याला लावतो आणि आकडा खाली येऊ लागतो. त्याच्याशी भांडू नये. या गाडीतूनच धाकटीला दवाखान्यातून घरी आणली, हे त्याला सांगून उपयोग नाही. दोनशे मुद्द्यांत तो मुद्दा नाही. पूर्वी आपण दहा जणांना गाडी दाखवायचो आणि अकरावा जरा जास्त द्यायचा. आता तेच करावे: दोन-तीन ठिकाणांहून लेखी आकडे घ्यावेत. आकडा किती दिवस चालतो ते विचारावे. कारमॅक्स सात दिवस धरते. आपल्याकडे काही जण संध्याकाळपर्यंतसुद्धा धरत नाहीत. फिक्स भाव मोडण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही, आणि यात पाठ फिरवून नाटक करावे लागत नाही.

गाडी देण्याआधी डॅशबोर्डवरचा गणपती काढून घ्यावा. फास्टॅग बंद करावा, नाही तर नवा मालक खालापूरला जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र घ्यावे. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि पत्र तीन वर्षे चालते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना तारखा कोऱ्या ठेवू नयेत. डीलर अधिकृत असेल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार गाडी ताब्यात घेतल्याची सूचना आरटीओला ऑनलाइन द्यायची असते. तिची प्रत मागावी आणि मिळेपर्यंत खुर्ची सोडू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक. त्या प्रकरणातली गाडी अपघाताआधी कितीतरी हातांतून गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी कागदावरच्या पहिल्या मालकावर आली.

आणि दुसरी चावी घरात कुठे आहे, ते तपासनीस येण्याच्या आधीच शोधून ठेवा. ती सापडली नाही तर पैसे कापतात, आणि ती रक्कमही फिक्स असते.