वॅगन आरची साथ

मराठी मध्यमवर्गीय घरात गाडी घ्यायचं एका दिवसात ठरत नाही. आधी मायलेजवर चर्चा होते, मग रीसेलवर, मग सीएनजीची टाकी बसवली तर डिकीत बॅगा कुठे ठेवायच्या यावर. शेवटी ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा काकांचं मत घेऊन वॅगन आर पक्की होते. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. घरच्या कर्त्या मामांनी ज्या रस्त्याने वर्षानुवर्षं ये-जा केली, त्याच रस्त्यावर दुसऱ्या दिवशी वॅगन आरची साथ आलेली असते. सिग्नलला पुढे वॅगन आर, मागे वॅगन आर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन, आणि दूधवाल्याच्या मेव्हण्याचीही तीच. 'काय वाढल्यात हो या गाड्या!' असं मामा दिवसातून दोनदा म्हणू लागतात. श्रद्धाळू आत्या म्हणते, हा शुभसंकेत आहे, दसऱ्याची डिलिव्हरी मागून टाक. चार पुस्तकं वाचलेला भाचा म्हणतो, मामा, हा भ्रम आहे, याला बाडर-माइनहोफ म्हणतात. मामांना ती नवी जर्मन मोटार वाटते. माझं म्हणणं असं की आत्या आणि भाचा या दोघांनीही मामांवर अन्याय केला आहे. मामांचं निम्मं विधान चोख खरं आहे. गोंधळ उरलेल्या निम्म्यात आहे, आणि तो नेमका हुडकला तर गाड्यांपलीकडची बरीच भांडणंही मिटण्यासारखी आहेत.

आधी खऱ्या निम्म्याचा हिशेब करू. वॅगन आर भारतात आली १९९९ साली, आणि २०२३ पर्यंत तिच्या विक्रीने तीस लाखांचा आकडा ओलांडला. अलीकडे ती वर्षाला दोन लाखांच्या आसपास खपते, म्हणजे देशभरात रोज सुमारे साडेपाचशे. सगळ्या कंपन्यांच्या मिळून प्रवासी गाड्या वर्षाला बेचाळीस-त्रेचाळीस लाख जातात. याचा अर्थ दर वीस-बावीस नव्या गाड्यांमागे एक वॅगन आर. रस्त्यावरचं प्रमाणही साधारण हेच धरलं, तर पन्नास गाड्या तुंबलेल्या सिग्नलला दोन-तीन वॅगन आर असणारच. नसत्या तर बातमी व्हायला हवी. शिवाय मामा काही अख्ख्या देशातल्या गाड्या बघत फिरत नाहीत. त्यांच्याइतकाच पगार, तेवढाच गृहकर्जाचा हप्ता आणि तितकंच अरुंद पार्किंग असलेल्या लोकांत ते राहतात. त्या लोकांनीही तेच गणित मांडून तीच गाडी घेतलेली असते. तेव्हा मामांना पुष्कळ वॅगन आर दिसतात याचं कारण त्या पुष्कळ आहेत. इथवर भाचा हरला.

घोटाळा आहे तो 'वाढल्यात' या दाव्यात. त्या कालही तेवढ्याच होत्या. मामांनी मोजायला आज सुरुवात केली. काल त्या दिसल्या कशा नाहीत, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका गोरिलाने देऊन ठेवलं आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये काही लोकांना एक फिल्म दाखवली आणि पांढऱ्या शर्टातले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांना देतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती खेळाडूंमध्ये येऊन छाती बडवून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. हे संशोधन प्रसिद्ध झालं तेही १९९९ सालीच. या योगायोगात आत्याने अर्थ शोधू नये. त्या साली आणखीही बरंच काही झालं. ज्या रस्त्यावर खड्डा, रिक्षा आणि उलट्या बाजूने येणारा दुचाकीस्वार हे तिन्ही एकाच वेळी सांभाळायचे असतात, तिथे समोरच्या गाडीचं मॉडेल टिपत बसण्याची चैन मेंदूला परवडत नाही. गोरिला निसटतो, तिथे वॅगन आरची काय कथा!

एकदा मोजणी सुरू झाली की दुसरी गडबड होते ती वहीची. लग्नात आहेराची वही लिहिणारा माणूस पाकीट देणाऱ्याचं नाव लिहितो. नुसता जेवून गेलेल्याची नोंद राहत नाही. मामांच्या वहीत वॅगन आर चढते, दरम्यान गेलेल्या स्विफ्ट, पंच, नेक्सॉन जेवून जातात. ही खोड जुनी आहे. फ्रान्सिस बेकनने १६२० साली 'नोव्हम ऑर्गानम'मध्ये एक किस्सा दिला आहे. देवाला नवस बोलून जहाज फुटण्यातून वाचलेल्या लोकांची चित्रं देवळात टांगलेली होती. ती एकाला दाखवून विचारलं, आता तरी देवाची शक्ती मानतोस ना? तो म्हणाला, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? स्टॅनफर्डचे भाषातज्ज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये या प्रकाराला फ्रिक्वेन्सी इल्यूजन असं नाव दिलं आणि त्याच्या जोडीला आणखी एक भ्रम दाखवला: जे आपल्या नुकतंच लक्षात आलं, ते जगातही नुकतंच सुरू झालं असं वाटण्याचा. भाच्याच्या तोंडचं नाव त्याआधीचं. सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत गाजलेल्या एका अतिरेकी गटाचं नाव चोवीस तासांत दोनदा कानावर आल्याचं एका अमेरिकन वृत्तपत्राच्या वाचकाने १९९४ साली कळवलं, आणि त्या गटाचा काहीएक संबंध नसताना नाव चिकटलं. माझ्या मते मामा मुख्यतः झ्विकींच्या दुसऱ्या भ्रमाचे गिऱ्हाईक आहेत. संख्येत ते फारसे चुकत नाहीत, तारखेत चुकतात.

यावर कोणी म्हणेल, गाड्या खरोखरच वाढल्या असतील तर? वाढतातही. नवं मॉडेल आलं की वाढतात, दसऱ्याला शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते ती काही भासाची नसते. पण याची परीक्षा सोपी आहे. ज्या गाडीशी आपलं काही देणंघेणं नाही अशी एक गाडी निवडावी आणि आठवडाभर दोन्ही मोजाव्यात. गुरुवारपर्यंत ती दुसरीही 'वाढू' लागली, तर वाढ कुठे झाली आहे ते आपोआप कळेल. दुसरा आक्षेप असा की गाडी वाढली म्हटल्याने कुणाचं काय बिघडतं? गाडीपुरतं काहीच नाही, उलट मामांना गॅरेज आणि स्पेअर पार्ट सगळीकडे मिळणार याचा दिलासाच मिळतो. फक्त तो दिलासा गाडी ठरवण्याआधी शोधायचा होता. आधी निर्णय आणि मग साक्षीदार, अशा क्रमाने चाललेल्या खटल्यात साक्षीदार कधी फितूर होत नाहीत.

आणि हाच खटला आपण गाडीखेरीज इतर गोष्टींवरही चालवतो. घरातलं एक लग्न मोडलं की सगळीकडे घटस्फोट वाढलेले दिसतात. नातवाने एकदा उलट उत्तर दिलं की पिढी बिघडते. एका ठिकाणी 'मी केली' ऐवजी 'माझ्याकडून करण्यात आली' वाचलं की मराठी कालपरवा बुडायला लागलेली असते. यातलं काही खरं असेलही, पण ते डोळ्यांच्या साक्षीने सिद्ध होत नाही, त्याला जुने आकडे लागतात. म्हणून मामांसाठी एक तडजोड सुचवतो. 'पुष्कळ आहेत' असं म्हणायला त्यांना पूर्ण मुभा. 'वाढल्यात' म्हणायचं असेल तर गेल्या वर्षीची वही आणावी. ती त्यांच्याकडे नसते, आत्याकडे नसते आणि भाच्याकडेही नसते. त्यामुळे घरातल्या बहुतेक चर्चा निम्म्या वेळात आटोपतील, आणि उरलेल्या वेळात गाडीचा रंग ठरवता येईल. तो पांढराच ठरेल. मग रस्त्यावरच्या पांढऱ्या गाड्या वाढतील.