प्रथमावृत्तीचे भाग्य

राजकीय प्रचारग्रंथांच्या दुर्मीळ प्रथमावृत्त्या जमविण्याचा षौक ज्यांना जडला असेल, त्यांनी इंग्रज सरकारचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. कारण सावरकरांच्या सत्तावनच्या समरावरील ग्रंथावर १९०९ साली, तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच, बंदीचा हुकूम काढून त्या सरकारने त्याला जी प्रतिष्ठा दिली, ती कोणाही रसिक समीक्षकाच्या हातची नव्हती. शिवाय सरकारजमा झालेल्या कितीतरी हिंदी मुद्रितांच्या प्रती लंडनच्या दप्तरखान्यात त्याने अशा निगुतीने जपल्या, की आजच्या संशोधकाला त्या आक्षेपार्ह वाङ्मयाच्या दर्शनासाठी आक्षेप घेणाऱ्याच्याच दारी जावे लागते.

याच्या उलट, सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या आमच्या पुरुषोत्तमनगरात निवडणुकीच्या हंगामी जे जाहीरनामे मुक्तहस्ते वाटले जातात, त्यांच्या जप्तीची तसदी कोणताही अंमलदार घेत नसल्यामुळे, मतमोजणीपूर्वीच त्यांत भजी बांधली जातात.

तेव्हा भावी संग्राहकांच्या हितार्थ प्रत्येक जाहीरनाम्यावर निदान पाच वर्षांची बंदी असावी, अशी आमची नम्र सूचना आहे. आश्वासनांची अंमलबजावणी त्यामुळे खोळंबेल, असे भय बाळगण्याचे कारण नाही.