नावाचा विसर्ग

सदर गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक एकाच आधार कार्डावर राहतात. पण खालच्या हकिगतीत जे फुटलं, तुटलं किंवा वाकडं कापलं गेलं, त्याची सगळी जबाबदारी सदर गृहस्थांची.

बंगळुरातल्या हेब्बाळच्या उड्डाणपुलाबद्दल नव्यानं काय सांगायचं? त्यावर थांबलेल्या गाडीत माणसाला नको ते छंद सुचतात, एवढंच. गृहस्थांना तिथं गिटार बनवायचं सुचलं. दोन वर्षांत ती झालीही. शिसवीची पाठ, आबनुसाचा फिंगरबोर्ड, सूर बऱ्यापैकी. शिसवीला इथं 'बीटे' म्हणतात आणि अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनंसुद्धा 1969 साली ब्राझिलची शिसव सोडून आपली धरली, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगू लागले. पाहुणे चहा भराभर पिऊ लागले. तेव्हा गिटारवर आपलं नावच घालावं, म्हणजे तोंडानं सांगावं लागणार नाही, असं ठरलं.

नाव साधंसुधं नव्हे. शिंपल्याच्या आतल्या चकाकत्या थरातून हातानं कापलेलं, आणि तेही मोडीत. मोडीत अशासाठी, की कुणाला वाचता येणार नाही. मग लोक विचारतील, 'हे काय लिहिलंय हो?' आणि गृहस्थ मान किंचित खाली घालून म्हणतील, 'काही नाही, असंच आपलं.' मान किती खाली घालायची याची तालीम आरशासमोर झाली होती.

नावाच्या हव्यासाला हेब्बाळात परंपरा आहे. 2018 साली इथं एक वीरगळ सापडला, 750 सालच्या सुमाराचा. त्यावर कित्तय्या नावाच्या वीराचं नाव आहे. पावणेतेराशे वर्षं टिकलं! मात्र त्यासाठी कित्तय्याला लढाईत पडावं लागलं. गृहस्थांनी शिंपल्यावर भागवलं.

पहिला दणका मोजपट्टीनं दिला. नाव बसायचं फिंगरबोर्डवर, आणि 650 मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर अकराव्या आणि बाराव्या फ्रेटच्या (पडद्याच्या) मध्ये जागा असते जेमतेम 19 मिलिमीटर. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिथं मावेना. वडिलांना वगळलं (ते असते तर म्हणाले असते, 'बरं केलंस'). मग आडनाव गेलं. शेवटी आद्याक्षरावर तडजोड झाली.

शिंपल्याचा तुकडा असतो दीड मिलिमीटर जाडीचा. त्यात अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचे चुनखडीचे थर एकावर एक रचलेले असतात. प्रकाश त्यांच्यात अडखळतो, म्हणून तुकडा हलवला की गुलाबीचा हिरवा होतो. दिसायला रेशीम, कापायला मात्र पापड. अक्षराचा कागद त्यावर चिकटवायचा, त्रिकोणी खाचेच्या फळीवर तुकडा बोटानं दाबून धरायचा आणि सोनाराची करवत उभी चालवायची. वळणावर करवत फिरवायची नाही, शिंपला फिरवायचा. करवतीचं पातं दोन-तीन केसांएवढं जाड, आणि स्वभावानं घरातल्या थोरल्या जावयासारखं. जरा वाकडं गेलं की तुटलंच. शिवाय ही भुकटी छातीला वाईट. तोंडाला मास्क हवा आणि तुकडा ओला ठेवायला हवा. गृहस्थ मास्क लावून बाल्कनीत बसले, तेव्हा आतून प्रश्न आला, "पुलाची धूळ कमी पडत होती का?"

पहिल्या संध्याकाळी सात पाती तुटली. नवी डझनावारी आणायला गृहस्थ करवत घेऊन नगरथपेटेत गेले. तिथल्या सोनारी हत्यारांच्या दुकानात आपल्या कन्नडचं प्रदर्शन चाललं असताना शेजारी चहा पीत उभा असलेला माणूस म्हणाला, "पाव्हणं, मराठीत बोला की." तो निघाला विट्याकडचा गलाईवाला. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात सांगली जिल्ह्यातली माणसं देशभर पसरलीत, हे गृहस्थांना वाचून ठाऊक होतं. अशा माणसानं आपली करवत हातात घेऊन बघावी, ही मात्र वेगळी गोष्ट. "दातं उलटं लावल्यात तुमी. खाली करा. आन् दाबताय कशाला? तिला तिच्या चालीनं जाऊ द्या." मग नखानं पातं छेडलं. टण्ण वाजलं. "असं वाजाय पायजे."

सांगली जिल्हा निघाला, की गृहस्थ मिरजेला पोचल्याशिवाय राहत नाहीत. लहानपणी ते आत्याबरोबर तिचा तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले होते. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरल्यावर, एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही वाद्यांकडे वळले. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडचा, गळ्यावर पांढरी वेलबुट्टी. पूर्वी हस्तिदंताची, पुढं सेल्युलॉइडची. त्या दिवशी एक म्हातारा आत्याच्या तंबोऱ्याचं निसटलेलं पान नव्यानं कापत होता. कागद नाही, खूण नाही. बोलणं चाललं होतं किराण्याबद्दल. घराण्याबद्दल नव्हे, वाण्याच्या उधारीबद्दल. उधारीचा आकडा सांगून होईस्तोवर पान कापून झालं आणि जागच्या जागी बसलंसुद्धा.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं. पण त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं? आत्याला आठवत नाही. भोपळ्याच्या आत दुकानाची चिठ्ठी आहे, कापणाऱ्या हाताची नाही. मैफलीच्या पत्रिकेत गायक, तबला, पेटी, निवेदक आणि सतरंज्या पुरवणाऱ्याचे आभार, सगळे असतात. हे आठवलं, की गृहस्थ चिडतात. त्यांची ही चीड खरी असते, आणि तेवढ्यापुरते ते आरशासमोरचे राहत नाहीत.

तर आद्याक्षर. मोडीत आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं टांगतात. गृहस्थांची रेघ चौथ्या प्रयत्नात नीट आली. अक्षराच्या पोटातली जागा कापायला छिद्र पाडून पातं आत ओवावं लागतं. ते ओवताना अक्षर रेघेपासून सुटलं. पुढच्या खेपेला पोट फुटलं. शिंपला संपत आला. शेवटी उरलेल्या तुकड्यांतून दोन ठिपके निघाले. ते बसवले, कडेच्या फटींत आबनुसाचा भुसा इपॉक्सीत कालवून भरला (या मिश्रणाखाली जगभरच्या गिटारांची पापं दडलेली आहेत) आणि घासून सपाट केलं. बाराव्या फ्रेटवर दोन ठिपके! दुकानातल्या कुठल्याही गिटारवर असतात तसे. गिटार मांडीवर आडवी घेतली, की एकावर एक दिसतात. नावातलं नाव गेलं, विसर्ग उरला. आजवर कुणी विचारलेलं नाही.

ठिपक्यांनंतरही नखाएवढा तुकडा शिल्लक होता. आपल्या बोटांनी संप पुकारल्यावर आत्यानं तंबोरा हेब्बाळला पाठवून दिलाय. प्रवासात त्याचं एक पान पडलं होतं. गृहस्थांनी शेवटच्या तुकड्यातून पान कापलं, दात खाली, न दाबता. ते जमलं. फोटो काढून आत्याला कोल्हापूरला पाठवला.

आत्याचा फोन आला. "अरे, कवळीत एकच खरा दात असावा तसं दिसतंय." मग थोडं थांबून, "जवारी काढून आणलीस का?"

नव्हती आणली. तंबोऱ्याची घोडी घासून सूर घुमता करून घ्यायला मिरजच गाठायला हवी. राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं बघणं चालू आहे. तंबोऱ्यासोबत गिटारही न्यावी असं गृहस्थांचं म्हणणं. गल्लीत कुणी विचारलंच तर, म्हणून.