देठापर्यंत लाल

चॉकलेटमध्ये बुडवलेल्या फळांचा गुच्छ यंदा विकत आणू नका. घरी करा. चौदा फेब्रुवारी आठवड्यावर आली आहे. तेवढ्या दिवसांत शिकून होतं.

गेल्या वर्षी मी विकत आणला होता. आमच्या लग्नाचा वाढदिवस याच महिन्यातला. दीड हजार रुपये, चकचकीत कागद, सॅटिनची फीत, वर सोनेरी भुकटी. बायकोने पहिली स्ट्रॉबेरी तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिली. वरचा थर विरघळेचना. मेणासारखा टाळूला चिकटून बसला, आणि आतलं फळ पांढरट, कच्च्या पेरूच्या चवीचं. ती काही बोलली नाही. फक्त दुसरी उचलली नाही. सकाळी फ्रिजमध्ये गुच्छ जसाच्या तसा उभा होता, तळाशी पाण्याचं थारोळं. दीड हजार गेल्याचं मी विसरलो, पण त्या फळांची जी नासाडी झाली तिचा राग अजून आहे.

एक तर ते चॉकलेट नव्हतंच. ते होतं कंपाउंड. कोको पावडर, साखर आणि कोको बटरच्या जागी वनस्पती तेलापासून बनवलेला घट्ट मेद. स्वस्त पडतं, गरम हवेत टिकतं, वितळवलं की बुडवायला तयार, म्हणून विकणाऱ्याच्या सोयीचं. कोको बटर 34 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि आपल्या अंगाची ऊब 37 अंशांची. खरं चॉकलेट जिभेवर ठेवलं की चावावं लागत नाही, ते याच तीन अंशांमुळे. कंपाउंड ज्याला आवडतं त्याने खुशाल खावं, पण विकताना कंपाउंड म्हणूनच विकावं. वडी घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटकांत कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, एवढं पाहिलं तरी पुरतं.

दुसरं, फळ कच्चं होतं. आंबा अढीत पिकतो, केळी, चिकू घरी आणून पिकवता येतात. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ती तोडली की तिची गोडी तिथेच थांबते. रंग थोडा गडद होईल, बस. म्हणून ती झाडावरच देठापर्यंत लाल व्हायला हवी. पण अशी फळं नाजूक, प्रवासात दबतात. गुच्छवाल्यांना हवी असतात मोठी, टणक, पांढऱ्या खांद्यांची. बाकीचं झाकायला चॉकलेट आहेच!

आणि हे आपल्याकडे व्हावं? देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर आणि पाचगणीच्या पट्ट्यात पिकते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथली लाल माती, गादीवाफे, त्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर, थंडगार रात्री, आणि वाफ्यांमधून वाकून एकेक फळ हाताने खुडणारी माणसं. एवढं करून पुण्या-मुंबईत पोचलेल्या फळाला आपण मेण फासतो.

पनेट घेताना उलटं करून बघा. वर टपोरी मांडलेली असतात, खरी गोष्ट तळाशी कळते. पानं ताठ आणि हिरवीगार हवीत. खांद्यावर पांढरं नको. नाकाजवळ धरा: वास आला तर घ्या, नाही आला तर पुढच्या गाडीवर जा. आकाराने लहान असली तरी चालतील. माझ्या अनुभवात लहानच जास्त गोड निघाली.

वाटेत एक सांगून टाकतो, कारण मला ते कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. स्ट्रॉबेरी गुलाबाच्या कुळातली. तिच्या अंगावरचे ते दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो, तीच वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तिची फळं. प्रत्येक दाण्याच्या आत एकेक बी. मग लाल गर कोणता? तो फुलाचा तळ, पुष्पासन, फुगून रसाळ झालेला. म्हणजे स्ट्रॉबेरीचा गुच्छ देणारा माणूस खरोखरीच फुलं देत असतो. मावळातल्या पॉलीहाऊसचे गुलाब याच दिवसांत परदेशी जातात, ते जाऊ देत. त्यांची चुलतबहीण आपल्या ओट्यावर आहे.

आता ओट्याकडे. स्ट्रॉबेरी धुऊन, पंचावर पसरून, पंख्याखाली तासभर ठेवा. पानं काढू नका. मग एकेक फळ हातात घेऊन पानांच्या खालून पुसा, पाणी तिथेच लपतं. माझं पहिलं भांडं याच पाण्याने गेलं. मऊ, चमकदार चॉकलेट होतं, एक ओलं फळ बुडवलं आणि बघता बघता सगळ्याचा रवाळ गोळा झाला. साखरेचे कण थेंबभर पाण्याने ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेट घट्ट होतं. गंमत म्हणजे पाणी भरपूर असतं तर त्याचं सॉस झालं असतं. थेंबच घात करतो. फळ फ्रिजमधून काढून लगेच बुडवलं तरी हेच होतं, कारण थंड सालीवर दव धरतं.

पंचवीसेक फळांना पाव किलो डार्क चॉकलेट पुरतं. सुरीने बारीक चिरा, एक तृतीयांश बाजूला ठेवा. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, गॅस मंद, वर कोरडं काचेचं भांडं, त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. चॉकलेट 45 अंशांपर्यंत वितळवा, भांडं खाली उतरवा, पुसा, आणि बाजूला ठेवलेलं चॉकलेट थोडं थोडं घालत ढवळत राहा. 31-32 अंशांवर आलं की बुडवायला घ्या. हे टेम्परिंग. कोको बटरचे स्फटिक सहा तऱ्हेने जमतात, त्यातली एकच तऱ्हा आपल्याला हवी: चमक देणारी आणि मोडताना कट्ट वाजणारी. न वितळवलेल्या चुऱ्यात ते स्फटिक असतातच, तेच बाकीच्यांना वळण लावतात. थर्मामीटर नसेल तर सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाच-सात मिनिटांत चकचकीत घट्ट झालं तर जमलं. पांढरट रेघा उमटल्या तर परत सुरुवात करा. मी दोनदा परत केली.

हे काम सकाळी लवकर करा. फेब्रुवारीत दुपारचं स्वयंपाकघर चॉकलेटला सोसत नाही. पानं धरून फळ बुडवा, गोल फिरवत वर उचला, थेंब निथळू द्या, बटर पेपरवर ठेवा. थर पातळ हवा. अर्धं फळ उघडं दिसू द्या, लाल रंग झाकायचा कशाला?

सोबत नाशिकची द्राक्षं घ्या, मोसम त्यांचाही आहे. रसभरी मिळाली तर सोडू नका. वाळकं पातळ वेष्टन मागे दुमडलं की धरायला आयती मूठ. संत्र्याच्या फोडी पातळ पापुद्र्यासकट बुडवा, फाटलेली फोड वगळा. केळ्याच्या वाटेला जाऊ नका, संध्याकाळपर्यंत काळं पडतं.

गुच्छ बांधायचा अगदी शेवटी. बांबूची काडी पानांच्या बाजूने आत, टोक वर. काडीने रस सुटायला लागतो, म्हणून आधी टोचून ठेवू नका. आधाराला फुलवाल्यांचा हिरवा स्पंज घेऊ नका, तो खाण्याच्या वस्तूजवळ नकोच. अर्धा कोबीचा गड्डा पालथा घाला, बटर पेपरने मढवा, काड्या घट्ट बसतात. कोबीची दुसऱ्या दिवशी भाजी. टोक वर आणि हिरवी पानं खाली असली की प्रत्येक स्ट्रॉबेरी कळीसारखी दिसते.

पुरुष वाचकांनो, हे सगळं तुम्हाला उद्देशून आहे. गुच्छ तुम्ही करायचा आणि नंतर ओटाही तुम्हीच पुसायचा.

यंदा आमच्याकडे वाढदिवस आधीच होऊन गेला. संध्याकाळी तिने पहिली स्ट्रॉबेरी काडीवरून काढली, कट्ट आवाज आला, रस मनगटापर्यंत ओघळला. ती हसली आणि दुसरी उचलली. नऊ वाजता ताटलीच्या कडेला हिरव्या पानांच्या तेवीस टोप्या ओळीने मांडलेल्या होत्या. चोविसावी स्ट्रॉबेरी तिने अर्धी खाऊन माझ्यापुढे धरली.